छत्रीखालचा इतिहास

श्रावणाच्या आगेमागे नाशिकहून पेठच्या किंवा त्र्यंबक-हरसूलच्या रस्त्याला लागलात, तर रस्त्याकडेला सागाच्या पानांवर पांढुरक्या अळिंब्या मांडून बसलेल्या बायका कधीतरी दिसतील. पाऊस झिमझिमत असतो, गाड्या थांबतात, घासाघीस होते आणि तासाभरात पाने रिकामी होतात. बटण अळिंबी आता शहरात बारा महिने डब्यात मिळते. ही रानातली अळिंबी मात्र वर्षातून थोडेच दिवस येते.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आम्ही चार शिक्षक मित्रांबरोबर हरसूलच्या बाजूच्या रानात गेलो होतो. हेतू साधा होता. भूछत्रे शोधायची, त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि शाळेसाठी एक तक्ता करायचा. एका ऐनाच्या झाडापासून थोड्या अंतरावर करड्या टोपीची, मध्ये टोकदार उंचवटा असलेली भूछत्रे उगवलेली दिसली. आम्ही गुडघे टेकून, छत्री धरून, सगळ्या बाजूंनी चोवीस छायाचित्रे घेतली. त्यातले एकही भूछत्र तोडले नाही. निसर्गाला धक्का लावला नाही याचे समाधानही वाटले.

सोबत गावातल्या एक आजी होत्या. त्या आमची धडपड शांतपणे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “गुरुजी, वरून काय कळणार? खाली बघा की.”

आम्ही हसलो आणि पुढे गेलो. परत आल्यावर पुण्यातील एका जाणकार मित्राला छायाचित्रे दाखवली. त्याने तीनच प्रश्न विचारले. बीजाणूंचा रंग कोणता होता? देठाचा तळ कसा होता? ते नेमके कशावर उगवले होते? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर आमच्याजवळ नव्हते. चोवीस सुरेख छायाचित्रे होती, पण नाव नव्हते.

त्या तीन प्रश्नांच्या मागे मोठा इतिहास आहे. माणसाला भूछत्राच्या खाली पाहायला किती काळ लागला, त्याचा तो इतिहास आहे. त्यातला महत्त्वाचा भाग आपल्याच देशात घडला आहे.

कशावर उगवले?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या. आपण ज्याला भूछत्र, अळिंबी किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो ते म्हणजे संपूर्ण कवक नव्हे. आंब्याच्या झाडाला आंबा, तसे कवकाला भूछत्र. खरे कवक म्हणजे जमिनीत, लाकडात किंवा शेणात पसरलेले बारीक धाग्यांचे जाळे. ओल आणि ऊब जुळली, की हे कवकजाल काही दिवसांपुरते फळ वर पाठवते. त्या फळाचे काम एकच, बीजाणू हवेत सोडणे. कवक हिरवे नसते, म्हणून ते स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. त्याला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. साहजिकच ते कशावर उगवले, हा पहिला प्रश्न ठरतो.

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाज्यांचे वर्णन करताना ‘उद्भिद’ नावाचा एक गट येतो. त्यात उगवण्याच्या जागेवरून प्रकार पाडले आहेत. पलालावर म्हणजे पेंढ्यावर येणारे, उसावर येणारे, वाळल्या शेणावर येणारे, वेळूवर येणारे आणि जमिनीतून येणारे. प्रत्येकाचे गुणही वेगळे सांगितले आहेत. आजचा कवकशास्त्रज्ञही नोंद करताना सुरुवात याच माहितीने करतो.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र लसूण आणि कांद्याच्या पंगतीला ‘कवक’ वर्ज्य ठरवले आहे. आज आपण पाठ्यपुस्तकात कवक हा शब्द वापरतो, तो याच जुन्या शब्दभांडारातून आला. ज्या समाजांनी ही बंदी मानली, त्यांच्यात भूछत्रांची ओळख हळूहळू पुसट झाली. ‘कुत्र्याची छत्री’ या नावातला तुच्छभाव तेच सांगतो. रानाजवळ राहणाऱ्यांनी मात्र ओळख टिकवली. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा समाजांच्या घरांत पावसाळ्यातली ती एक चवदार भाजी राहिली.

तंजावरच्या मुलखातला वैद्य

आता अठराव्या शतकात जाऊ. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणारे स्वीडनचे कार्ल लिनियस यांचा योहान गेरहार्ड कोनिग नावाचा एक शिष्य होता. तो वैद्य म्हणून तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत आला आणि 1785 साली मरण पावेपर्यंत मुख्यतः भारतातच राहिला. त्याने धाडलेल्या नमुन्यांत एक कोरड्या जागी उगवणारे, मुसळासारखे दिसणारे कवक होते. लिनियस यांनी 1771 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज त्याला पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस म्हणतात. भारतातून आधुनिक पद्धतीने वर्णन झालेले हे पहिले कवक मानले जाते.

पण कोनिगचे आमच्या विषयाशी अधिक जवळचे काम वेगळेच आहे. त्याने वाळवीची वारुळे उकरून पाहिली. आत त्याला स्पंजासारखी सच्छिद्र पोळी दिसली आणि त्यांवर मोहरीपेक्षाही लहान पांढरे दाणे. ही बुरशी आहे, आणि ती वाळवीच्या पिलांचे अन्न असावी, असे त्याने सुचवले. त्याचा हा निबंध 1779 साली बर्लिनच्या निसर्गअभ्यासकांच्या मंडळाच्या प्रकाशनात छापला गेला. दोन वर्षांनी, 1781 साली, हेन्री स्मीथमन याने आफ्रिकेतील वाळवीवर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला गाजलेला निबंध मांडला. त्यात त्याने कोनिगच्या या तर्काचा उल्लेख केला आहे.

म्हणजे वारुळाच्या आत काय आहे, याचा धागा 1779 सालीच हाती आला होता. पण वारुळावर दिसणारे भूछत्र आणि आतले पांढरे दाणे ही एकाच कवकाची दोन रूपे आहेत, हे जुळायला अजून बराच काळ जायचा होता.

लांब मुळाचे कोडे

एकोणिसाव्या शतकात नमुने गोळा करणारे एकीकडे आणि नावे देणारे दुसरीकडे, अशी विभागणी झाली. आशियातून वाळवलेली भूछत्रे पेटाऱ्यांतून इंग्लंडला जात. तेथे माइल्स जोसेफ बर्कली हे धर्मोपदेशक आणि कवकांचे मोठे अभ्यासक ती तपासत. 1847 साली त्यांनी श्रीलंकेतून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधून, आलेल्या एका भूछत्राला ॲगॅरिकस युरायझस असे नाव दिले. या ग्रीक नावाचा अर्थ ‘चांगल्या मुळाचे’ असा आहे. देठाचा जमिनीखालचा भाग लांबलचक, निमुळता, मुळासारखा होता. कवकाला खरे मूळ नसते. मग हे काय होते?

त्याचे उत्तर कपाटातल्या नमुन्यात मिळणार नव्हते. त्यासाठी जिथे भूछत्र उगवते तिथे ‘मूळ’ न तुटू देता खणत जाणे आवश्यक होते. श्रीलंकेतील पेरादेनिया येथील वनस्पतिउद्यानात कवकशास्त्रज्ञ असलेल्या टॉम पेच यांनी वारुळांतील कवकांचा बारकाईने अभ्यास करून 1906 साली विस्तृत निबंध लिहिला. वारुळातील पोळी आणि वर येणारी भूछत्रे यांचा संबंध त्यात तपशिलाने मांडला आहे.

तरीही नावांचा गोंधळ होताच. ही भूछत्रे वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रजातींत घातली होती. शेवटी 1942 साली फ्रान्सचे रॉजे हाइम यांनी वाळवीबरोबर राहणाऱ्या या कवकांसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन केली आणि तिला नाव दिले टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीचे कवक. बर्कलींचे युरायझस याच प्रजातीत आले.

येथे एक गंमत लक्षात घ्या. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात. सातेरी देवीची पूजा तेथे वारुळाच्या रूपात होते. पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या या अळिंबीचे तेथील नाव आहे ‘रोयण ओळमी’, म्हणजेच वारुळाची अळिंबी. हाइम यांनी 1942 साली ग्रीक-लॅटिन शब्द जुळवून जे नाव दिले, जवळजवळ तेच बाजारातली बाई दोन शब्दांत सांगत असते. विदर्भात हिला सात्या म्हणतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात तर बोलीगणिक नाव बदलते.

लोकांना सगळेच ठाऊक होते, असा याचा अर्थ मात्र काढू नये. वारुळाशी नाते लोकांनी ओळखले. ते नाते काय आहे, हे शोधायला खोदकाम, सूक्ष्मदर्शक आणि प्रयोग लागले.

वारुळातली शेती

ते नाते असे आहे. वाळवी लाकूड, पालापाचोळा, गवत खाते, पण लाकडातील लिग्निन पचवणे तिला अवघड जाते. ओडोंटोटर्मिससारख्या काही वाळव्या अर्धवट पचलेल्या विष्ठेची पोळी रचतात. त्या पोळीवर टर्मिटोमायसिस वाढते आणि लिग्निनसारखे कठीण पदार्थ मोडून काढते. कामकरी वाळवी वरून नवा थर चढवत जाते आणि कवकाने मऊ केलेला खालचा जुना भाग खाते. कोनिगला दिसलेले पांढरे दाणेही ती खाते. कवकाला बदल्यात तयार अन्न, स्थिर तापमान, ओलावा आणि तणनियंत्रण मिळते. वारुळातील वाळवी नाहीशी झाली, तर काही दिवसांतच इतर बुरशी पोळ्यांवर माजते.

जनुकीय अभ्यासांवरून असे दिसते, की ही शेती आफ्रिकेत एकदाच, सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि पुढे आशियात पसरली. माणसाच्या शेतीचे वय जेमतेम 10 ते 12 हजार वर्षांचे आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, ते आपण दिव्याखाली पाहतोच. त्यानंतर काही आठवड्यांनी, माती पुरेशी भिजली, की पोळ्यातील कवक फळ धरते. टोपीचे टणक टोक मातीला भोक पाडत वर येते आणि मागे देठ लांबत जातो. बर्कलींचे ‘चांगले मूळ’ म्हणजे पोळ्यापासून पृष्ठभागापर्यंतचा हा जिना. टोपीवरचा टोकदार उंचवटा म्हणजे त्या पहारीचे टोक. आम्ही चोवीस वेळा टिपला, तो उंचवटा बहुधा हाच असावा.

या वाळव्यांची सगळीच घरे वर दिसणारी नसतात. काहींची पोळी सपाट जमिनीखाली असतात. म्हणून वारूळ न दिसताही ही अळिंबी उगवते आणि वारुळात वाळवी नांदत असेपर्यंत वर्षानुवर्षे त्याच जागी उगवते. रानातल्या माणसांना अशा जागा पाठ असतात. काही घरांत ती जागा बाहेरच्याला सांगत नाहीत. बाजारात येणारी ही अळिंबी आजही रानातूनच येते. वारूळच खणून टाकले, तर पुढच्या वर्षीचे पीकही गेले. नागपंचमीला वारुळाची पूजा करताना मुलांना हेही सांगावे, की हे घर नागाने नव्हे, वाळवीने बांधले आहे आणि आत एक शेत आहे.

बीजाणूंचा रंग कोणता?

आता जाणकार मित्राचा दुसरा प्रश्न घेऊ. भूछत्रांना ‘बी’ असते, हे बराच काळ कोणाला पटत नव्हते. ती पावसाने, कुजण्याने किंवा विजेने आपोआप उपजतात, असे अनेक देशांत मानत. इटलीतील फ्लॉरेन्सच्या पिएर आन्तोनियो मिकेली यांनी 1729 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भूछत्रांचे बीजाणू दाखवले. इतकेच नव्हे, तर त्यांनी बुरशीचे बीजाणू खरबुजाच्या फोडींवर पेरले आणि त्यांतून तीच बुरशी उगवून दाखवली. पुढे स्वीडनच्या एलियास फ्राइज यांनी 1821 सालापासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात पडद्यांच्या भूछत्रांची विभागणी बीजाणूंच्या रंगावरून केली. ती पद्धत वापरायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

हा प्रयोग कोणत्याही शाळेत होतो. पूर्ण उमललेल्या भूछत्राची टोपी कापून, पडद्यांची बाजू खाली करून, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा अशा कागदावर ठेवा. वर वाटी पालथी घाला. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली दिसेल. टर्मिटोमायसिसची नक्षी फिकट गुलाबी असते. ॲमॅनिटा या प्रजातीची पांढरी असते आणि तिच्यातच जगातील सर्वांत घातक भूछत्रे आहेत. हिरवळीवर, अंगणात उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसची नक्षी हिरवट पडते. हे भूछत्र कोवळेपणी पांढरेशुभ्र आणि खाण्याजोगे दिसते, पण खाल्ल्यास जोरदार उलट्या व जुलाब होतात. प्रयोगानंतर हात धुवावेत आणि टोपी फेकून द्यावी.

छायाचित्रात रंग दिसतो तो टोपीचा. बीजाणूंचा रंग त्यात क्वचितच कळतो.

महाराष्ट्रातील नोंदी

आपल्या देशातील कवकांची मोठी यादी ई. जे. बटलर आणि जी. आर. बिस्बी यांनी 1931 साली प्रसिद्ध केली. पण नमुने परदेशी पाठवून नावे मागवणे पुरेसे नव्हते. आपल्याजवळ संग्रह आणि माणसे दोन्ही हवी होती. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेची उभारणी केली. तिच्या संशोधनसंस्थेला 1992 साली त्यांचे नाव देण्यात आले. तेथील कवकांचा संग्रह अजरेकर यांच्या नावाने ओळखला जातो. एम. एन. कामत, पटवर्धन, व्ही. जी. राव आणि ए. व्ही. साठे यांनी महाराष्ट्रातील कवकांची यादी केली. ती 1971 साली राहुरीच्या कृषी विद्यापीठाने प्रसिद्ध केली. 1980-81च्या सुमारास साठे आणि सहकाऱ्यांचा नैऋत्य भारतातील भूछत्रांवरचा ग्रंथ आला. 1979 साली के. नटराजन यांनी भारतातून टर्मिटोमायसिसची एक नवी जात वर्णन केली आणि तिला हाइम यांच्या नावावरून हाइमिआय हे नाव दिले.

या सगळ्या कामाचा पाया म्हणजे कागदी पाकिटातला वाळका, सुरकुतलेला नमुना. त्यावर तारीख, जागा आणि कशावर उगवला ते लिहिलेले असते. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर तो पाकीट उघडून बीजाणू पुन्हा तपासू शकतो. आमच्या चोवीस छायाचित्रांना हे जमणार नाही.

म्हणून आता आम्ही अशी पद्धत ठेवली आहे. प्रथम जागेसह छायाचित्र. मग टोपीचे वरून, पडद्यांचे खालून. नंतर एकच भूछत्र तळासकट हलकेच खणून काढायचे आणि त्याचे पूर्ण व उभे कापलेले छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून. वहीत वास, रंग, जवळची झाडे, जमीन, गावातले नाव. मग बीजाणूंची नक्षी आणि शेवटी मंद उबेवर वाळवलेला नमुना. राखीव जंगलातून काही उचलायचे असेल, तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. बाकीची भूछत्रे होती तिथेच राहू द्यावीत.

देठाचा तळ कसा होता?

तिसरा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. ॲमॅनिटाच्या अनेक जातींच्या देठाच्या तळाशी पिशवी किंवा फुगीर गड्डा असतो. भूछत्र वरून तोडले, की तो जमिनीत राहतो आणि ओळख चुकते.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळवंडली तर विषारी, किड्याने खाल्ले असेल तर चांगले, शिजवले की विष जाते, असे अनेक समज आपण ऐकतो. यांतला एकही खरा नाही. ॲमॅनिटाचे विष शिजवून जात नाही आणि त्याने चमचाही काळा पडत नाही. खाल्ल्यावर बहुधा सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक काळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढे थोडे बरे वाटते आणि तेवढ्या वेळात यकृत निकामी होऊ लागते. एप्रिल 2022मध्ये आसामात रानटी भूछत्रे खाऊन किमान 13 जण दगावले. त्यांत बरेचसे चहामळ्यांतील कुटुंबांतले होते. ही माणसे भूछत्रे खाणारीच होती. ओळख नेहमीची वाटली आणि ती चुकली.

तेव्हा विद्यार्थ्यांना एकच नियम सांगावा. शोधा, पाहा, टिपा, पण खाऊ नका. पुस्तकातील चित्र किंवा मोबाइलवरचे ओळख सांगणारे तंत्र यांच्या भरवशावर तर मुळीच नाही. कोणी खाऊन आजारी पडले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि उरलेले भूछत्र, शिजवलेले असले तरी, सोबत न्यावे.

आजी मात्र अळिंबी खातात आणि चुकत नाहीत, याचे कारण आता कळते. त्या ‘भूछत्रे’ ओळखत नाहीत. त्या दोन-चार जाती ओळखतात, तीही ठरावीक जागी, ठरावीक पावसात, बोटाने माती उकरून देठ कुठवर जातो ते पाहून. अनोळखी जागची अळिंबी त्या उचलत नाहीत. हे ज्ञान एका रानापुरते आहे, म्हणून विश्वासाचे आहे. शहरात गेलेल्या त्यांच्या नातवंडांकडे ते पोचलेले नाही. चव तेवढी पोचली आहे आणि धोका तिथेच आहे. गावातल्या अशा माणसांना शाळेत बोलवावे, त्यांची नावे, जागा आणि खुणा मुलांनी वहीत उतरवाव्यात. जागा गुप्त ठेवायची असेल, तर तीही त्यांची इच्छा मानावी.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्याच ऐनाजवळ पुन्हा गेलो, या वेळी खुरपे आणि कागदी पाकिटे घेऊन. भूछत्रे आली नव्हती. पाऊस उशिरा झाला होता, की आत वाळवीच राहिली नव्हती, हे वरून सांगता येत नव्हते. आमच्या तक्त्यात त्या छायाचित्राखाली जागा, तारीख आणि ‘नाव ठरवता आले नाही’ एवढेच लिहिले आहे. मुले नेमके तिथेच थांबतात आणि का, असे विचारतात. मग आम्ही त्यांना कोनिगपासूनची गोष्ट सांगतो.